गूळतुला आनंदाची नव्हती

मुदखेडच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती समाजात अजूनही असे सांगितले जाते की, मुलगी सिस्टर होणार या आनंदापोटी मी तिची गूळतुला केली. हे साफ खोटे आहे. मी ती संशयापोटी केली, आणि त्या संशयाची मला आजही लाज वाटत नाही.

मुलगी तान्ही असताना तापाने फणफणली होती. तेव्हा माझ्या पत्नीने पवित्र मरियेला नवस केला, की पोर वाचली तर तुझ्या सेवेला देईन. आम्ही कॅथोलिक असलो तरी याच मातीतले. शेजारणी बोलतात तसा तीही नवस बोलली. पोर वाचली, आणि पुढे जो येई तो तिला ‘नवसाची’ म्हणून गोंजारीत असे. तीच मुलगी शिक्षण संपवून लातूरच्या कॉन्व्हेंटात, सिस्टरांच्या मठात, गेली. व्रते घेण्यापूर्वी ती सुट्टीवर घरी आली, तेव्हा सर्वांना तिच्यात प्रभूचे पाचारण दिसले. मला मात्र पत्नीचाच आवाज ऐकू येत होता.

मी आयुष्यभर स्टेशनमास्तर होतो. पुढच्या स्टेशनाने होकार दिल्याखेरीज गाडी सोडायची नसते, आणि तो होकार मागच्या स्टेशनाने परस्पर देऊन टाकायचा नसतो. देवानेही हा नियम पाळला. तू प्रभूची आई होशील, असा निरोप देवदूताने मरियेला सांगितला आणि तो तिच्या उत्तरासाठी थांबला. तिला नाही म्हणताच येत नव्हते, असे असेल तर तिच्या होकाराला आपण एवढा मान कशासाठी देतो? हा प्रश्न मी फादरांना चर्चच्या पायरीवरच विचारला.

“मास्तर, नवस ज्यानं केला त्यालाच बांधतो,” फादर म्हणाले. “लेकरावर त्याचं बंधन नाही.”

“हे तुम्हाला ठाऊक, फादर. तिला कुणी सांगितलंय?”

ते चर्चचे दार लावायला वळले. लोक याला ‘फादरांनी मास्तरांची समजूत काढली’ असे म्हणतात.

घरी पत्नी म्हणाली, “अहो, पोरगी खुशीनं चाललीय. तुम्हालाच लई शंका.”

“खुशीनं चाललीय, का तुझा नवस फेडून राहिली?”

तेव्हा मी ठरवले, की नवस आधी आईनेच फेडावा, मुलीऐवजी तिच्या वजनाइतका गूळ वाटून. फादरांनीही त्यास हरकत घेतली नाही. बाजारातल्या गुळाच्या व्यापाऱ्याकडे जुना मोठा तराजू होता. मुलगी पारड्यात बसलेली पाहून तो म्हणाला, “मास्तर, तुला लेकराची करतेत. ही तर माझा तराजू मोडून राहिली.”

“काका, गूळ कमी पडला तर मी अर्धीच सिस्टर होईन,” मुलगी म्हणाली.

सारे हसले, मी हसलो नाही. पत्नीने आपल्या हातांनी ढेपा चढवल्या, पारडी समान झाली. तो गूळ आम्ही रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या अंगणात वाटला, आणि घरी येताच मी मुलीला आईसमोर बसवले.

“नवस फिटला. आता तुझ्यावर कुणाचं काही नाही. आता सांग, जायचंय का?”

“बाबा, तुम्हाला माझं उत्तर पायजे, का ‘नाही’ पायजे?” ती शांतपणे म्हणाली. “आईचा ‘हो’ माझा नाही, हे कबूल. मग तुमचा ‘नाही’ तरी माझा कसा? उत्तर मी तिकडंच देईन.”

त्यावर मी तिला आशीर्वाद दिला, असे पत्नी सांगते. मी केवळ तिच्या खांद्यावर हात टेकून उठलो होतो.

व्रतांच्या दिवशी लातूरच्या चर्चमध्ये एकेकीच्या नावाची हाक होत होती. हाक होताच उठून ‘प्रभो, मी हजर आहे’ म्हणायचे, अशी रीत. आधीच्या मुलींनी हाकेसरशी उत्तर दिले. माझी मुलगी उठली आणि काही बोलली नाही. शेजारच्या मुलीने तिला कोपराने खुणावले. पत्नीने माझी बाही धरली. मुलीने आईकडे वळून पाहिले नाही, माझ्याकडेही नाही. मग ती म्हणाली, “प्रभो, मी हजर आहे.”

तिचा कंठ दाटून आला होता, असे आता सगळे सांगतात. तिचा आवाज स्वच्छ होता. उत्तर येत नसेल तेव्हा पलीकडची तार तुटली आहे, की पलीकडचा माणूस विचार करतो आहे, हे ओळखण्यात माझी सारी नोकरी गेली. त्या शांततेत तिला नाही म्हणता आले असते. वेदीपाशी हाक देणारे फादर तिच्या उत्तरासाठी थांबले होते. मीही थांबलो होतो.