आक्काताईंच्या रेडीसाठी जागा

राजारामपुरीत आमच्या इमारतीसमोर सिटी बस थांबते. तीच पुढं नदीपलीकडे आक्काताईंच्या गावाला जाते. तरी त्या गावी मी पहिल्यांदाच निघालो, तेही पंचगंगा पात्राबाहेर पडल्यावर.

पुलावर सगळे खिडक्यांकडे वाकले. उसाचे नुसते शेंडे दिसत होते. शेजारी रिकाम्या किटल्या घेऊन बसलेला गवळी म्हणाला, मोठ्या गोठ्यांतली जनावरं कालच ट्रकनं उंचावरच्या पै-पाहुण्यांकडे गेली. ज्यांचं एकच जनावर, ते पाण्याकडं बघत बसलेत. एका म्हशीसाठी ट्रक कोण करणार?

मला ते माहीत होतं. आक्काताई आमच्याकडे दूध घालायच्या. मागच्या महापुरात त्या नवऱ्याला आणि म्हशीला घेऊन आमच्या दारात आल्या होत्या. मी म्हणालो, तुम्ही दोघं वर या, म्हैस मात्र नको, सोसायटीत चालणार नाही. ते परत गेले. गोठ्यात पाणी शिरल्यावर आक्काताईंनी स्वतःच्या हातानं दावं (गुरं बांधायची दोरी) सोडलं. म्हैस गेली, तिच्याबरोबर धंदाही. चिखल वाळला तशी मोठ्या गोठ्यांची दूधविक्री पुन्हा सुरू झाली.

गावात उतरताच माझी चप्पल चिखलात रुतली. आक्काताईंच्या नवऱ्यानं ती काठीनं उपसून दिली. दारात रेडी (म्हशीचं लहान मादी वासरू) बांधली होती.

"बसा पावणं," आक्काताई म्हणाल्या. पूर्वी मला दादा म्हणायच्या. "दूध न्हाय, कोराच च्या घ्यावा लागंल."

चहात आलं भरपूर होतं. मी म्हणालो, "या वेळी रेडीला घेऊनच या. पार्किंगमध्ये बांधू."

"आन् गाड्या?"

"सांगतो मी सगळ्यांना."

"म्हंजे अजून इचारलं न्हाय." त्या हसल्या. "मागच्या टायमाला बी तुमी चांगलंच बोललासा. खरं, म्हशीला पाण्यात सोडून मी वर पलंगावर झोपू व्हय?"

मग मी कबूल केलं. इतकी वर्षं लोकांना सांगत आलो, मी घर उघडलं होतं, तुम्हीच थांबला नाहीत. म्हशीचं कधी सांगितलं नाही.

"आलंय की कानावर," त्या म्हणाल्या, आणि माझा रिकामा कप उचलून आत गेल्या.

परतीच्या बसनं पूल ओलांडला. आमची इमारत उंचावर आहे, हे मला आजवर नुसतं नशीब वाटायचं. त्या उंचीवर कोण चढणार हे मीही ठरवत होतो, हा विचार कधी केला नव्हता.

घरी आल्यावर मी कुणालाच विचारलं नाही. माझी गाडी बाहेर पावसात नेऊन लावली आणि आक्काताईंना फोन केला. म्हणालो, माझी जागा मोकळी केलीय.



"तितं वैरण हाय का?" त्यांनी विचारलं.

नव्हती. मी चिखलाची चप्पल पुन्हा पायात घातली.