सिस्टर आणि पुलावरचा राक्षस

हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमवर मत द्यायचा अधिकार या भूतलावर फक्त एकाच व्यक्तीला आहे, आणि ती व्यक्ती कुवेतमध्ये, जाब्रियात, आमच्या डोक्यावर राहते. डोक्यावर म्हणजे आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि त्या चौथ्या. बाकीचे सगळे, ज्यात मीही आलो, नुसते खेळतात. बेचाळीस वर्षांचा, एका बँकेच्या आयटीत बऱ्यापैकी हुद्द्यावर असलेला आणि बायको आंघोळीला गेली की उशीखालून गेम काढणारा मी स्वतःला मोठा जाणकार समजत होतो. सिस्टरांनी तो गैरसमज चार महिन्यांत दूर केला.

सिस्टर मूळच्या परभणीच्या. समोरच्या इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये अठरा वर्षं सर्जनच्या शेजारी उभं राहून त्याच्या हातात चिमटे-कात्र्या देत आलेल्या. नवरा परभणीला मुख्याध्यापक. दोघांचा संसार निम्मा फोनवर आणि निम्मा दिवाळीच्या सुट्टीत. थिएटरची शिस्त त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की आमच्याकडे जेवायला आल्या तरी ताटं उचलायच्या आधी त्या चमचे मोजत. एकदा एक चमचा कमी भरला, तेव्हा त्यांनी पाहुण्यांसकट कोणाला जागचं हलू दिलं नाही. शेवटी तो भाताच्या पातेल्यात बुडालेला सापडला. "आत राहिला असता तर?" त्या म्हणाल्या. कशाच्या आत, हे विचारायची कोणाचीच छाती झाली नाही. त्यांचं अरबीही परभणीच्या हेलात चाले. कोपऱ्यावरच्या बकालात, म्हणजे किराणा दुकानात, त्या "यल्ला बाबा, यल्ला, उशीर व्हायलाय" असं म्हणत आणि दुकानदाराला ते सगळं अरबीच वाटे.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका दुपारी धुळीचं वादळ आलं आणि इमारतीचं लोखंडी दार वाऱ्याने सिस्टरांच्या उजव्या हातावर आपटलं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही चिरडली. तारा घातल्या, तारा काढल्या, हाडं जुळली. पण बोटं वाकेनात. इस्पितळाने त्यांना तात्पुरतं धुतलेल्या चादरींच्या कोठीत बसवलं आणि चार महिन्यांनी परीक्षा ठेवली. पास झाल्या तर पुन्हा थिएटर, नाहीतर करार संपणार. करार संपला की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवानाही संपणार, आणि पन्नाशी ओलांडलेल्या नर्सला नवी नोकरी कोण देतो? हे सगळं त्यांनी आम्हाला आमटीची फोडणी सांगावी तसं सांगितलं. व्यायामाला फिजिओथेरपीच्या एका केरळी मुलीने मऊ रबरी चेंडू दिला होता, तो त्यांनी टेबलावर ठेवला. "दाबा म्हणे दिवसातून शंभर वेळा. कामून दाबायचं? चेंडूला काय झालंय?"

मी सहानुभूतीने मान हलवत होतो. तेवढ्यात माझी बायको भाकरी थापता थापता शांतपणे म्हणाली, "तुझं ते उशीखालचं यंत्र दे की त्यांना. बोटांचाच तर खेळ आहे." तिला दोन वर्षांपासून ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी सिस्टरांनी तो गेम दोन्ही हातांत असा धरला, जणू वरचं पाणी सांडेल. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी ओव्हर दिला. ड्यूटी संपताना एक नर्स दुसरीला प्रत्येक पेशंटची हकीकत सांगते, त्याला त्यांच्यात 'ओव्हर देणं' म्हणतात. तेव्हापासून रोज सहा वाजता मला एकेका गेमचा ओव्हर मिळू लागला. त्यासाठी त्यांनी एक वही केली होती आणि प्रत्येक गेमखाली तीन ओळी असत: तक्रार, तपासणी, उपाय.

पहिला ओव्हर शेतीच्या गेमचा. "भाऊ, तीन दिवसांत मुळा आला. तीन दिवसांत! आमच्याकडं एवढ्यात बी जागंसुद्धा होत नाही. खुरपण नाही, राखण नाही, पाऊस बटणावर. ज्यानं हा बनवला त्यानं शेत बसमधून बघितलंय. पण गाईच्या पाठीवरून रोज हात फिरवला की ती खूश होती, तेवढं त्याला बरोबर कळलंय." उपायाच्या ओळीत त्यांनी लिहिलं होतं: एकट्या अंगठ्याला काम, बाकीची बोटं रिकामी, डिस्चार्ज. त्यानंतर मी गाड्यांच्या शर्यतीचा गेम दिला. तो दहा मिनिटांत परत आला. "जे चौथ्या रिंगरोडवर रोज फुकट बघते ते घरी बसून कामून बघायचं? आणि यात तर कोणी शिव्यापण देत नाही." इस्पितळ चालवायच्या गेमवर माझ्या फार आशा होत्या. पण त्यातला डॉक्टर मनगटात घड्याळ घालून पेशंट कापायला निघाल्यावर सिस्टर खुर्चीवरून उठल्याच. त्यांनी मला समोर बसवून गेम बनवणाऱ्यांना इंग्रजीत बारा मुद्द्यांचं पत्र लिहायला लावलं. अकरावा मुद्दा, नर्सनी उंच टाचांचे बूट घातलेत, हा होता. बारावा मुद्दा, असल्या बुटांत आठ तास उभं राहून दाखवा, हा होता.

एकाच गेमला त्यांनी मनापासून दाद दिली. वरून ठोकळे पडतात आणि ते फिरवून खाली बरोबर बसवायचे, एवढाच साधा खेळ. "ह्या माणसानं कधीतरी आयुष्यात ऑपरेशनचा ट्रे लावलाय," त्या म्हणाल्या, आणि दोन आठवडे त्यांनी मला माझंच यंत्र बघायलाही दिलं नाही. ठोकळे फिरवता फिरवता मधलं बोट थोडं वाकायला लागलं. केरळी मुलगी चकित झाली. "सिस्टर, बॉल से हुआ ना?" तिने विचारलं. सिस्टर खोटं बोलत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी नुसतं "हूं" केलं.

तर्जनी मात्र काठीसारखी ताठच राहिली. तेव्हा मी भीतभीत माझा शेवटचा गेम दिला. त्यात भाला घेतलेली एक मुलगी डोंगर ओलांडत जाते आणि वाटेतल्या पुलावर तिला एक दगडी राक्षस अडवतो. त्याला हरवायचं तर मधल्या बोटाने ढाल धरायची, अंगठ्याने उडी मारायची आणि त्याच क्षणी तर्जनीने भाला फेकायचा. या राक्षसापुढे मी दोन वर्षं अडकलो होतो. सिस्टरांना मी माझे सगळे डावपेच समजावून सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि विचारलं, "ह्यानं तुम्ही जिंकलाव का?" मी नाही म्हणालो. "मग ऱ्हाऊ द्या."

त्या लढल्याच नाहीत. चार दिवस त्यांनी भाला उचलला नाही. मुलगी पुलावर उभी राही, राक्षस तिला चिरडे आणि सिस्टर वहीत काहीतरी टिपत. पाचव्या दिवशी ओव्हर आला. "राग यायच्या आधी डावा खांदा उचलतोय तो. आमचे बडे सर्जनपण तसेच. खांदा वर गेला की आवाज यायच्या आत कात्री हातात पाहिजे." मी दोन वर्षं राक्षसाच्या हातातल्या सोट्याकडे बघत होतो. खांद्याकडे बघायचं मला सुचलंच नव्हतं.

राक्षस कळला, पण बोट कळूनही वळेना. परीक्षा पंधरा दिवसांवर आली आणि एका संध्याकाळी सहा वाजून गेले तरी सिस्टर आल्या नाहीत. साडेसहाला मी वर गेलो. दार उघडंच होतं. त्या स्वयंपाकघरात कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी डोळे पुसले नाहीत. एक हात पाण्यात होता आणि दुसऱ्यात गेम होता.

"भाऊ, कधी मारायचं ते मला कळायलंय," त्या म्हणाल्या. "बोट ऐकंना. हेच त्या दिवशी टेबलापाशी झालं तर? सर्जनचा हात पुढं, आणि माझ्या हातातून सुई खाली."

"दुसरा देऊ का? सोपा?" मी म्हणालो.

सिस्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मागे सरकलो. "पेशंट टेबलावर हाय, आणि तुम्ही म्हणताव सोपा पेशंट आणा?" त्यांनी हात पाण्यातून काढला, टॉवेलने पुसला आणि पुन्हा सुरू केलं. मी गुपचूप खाली आलो. पुढचे दहा दिवस वरून पावलांचा आवाज येत नव्हता, फक्त अधूनमधून कोणीतरी एखाद्या हट्टी मुलाला दटावावं तसा "वाक म्हणलं ना!" असा आवाज यायचा.

परीक्षेआधीच्या शुक्रवारी, सुट्टीच्या भर दुपारी, सिस्टर वरणफळांचं पातेलं डाव्या काखेत आणि गेम उजव्या हातात घेऊन आमच्याकडे आल्या. पातेलं ओट्यावर ठेवून त्या टेबलापाशी बसल्या. "बघायचं असलं तर बघा. बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. बायको वाढायचा डाव हातात घेऊन उभी राहिली, मी त्यांच्या पाठीमागे. पुलावर राक्षस आला. त्याने एकदा सोटा आपटला, दोनदा आपटला; मधलं बोट ढाल धरून होतं. सिस्टरांनी ओढणीचं टोक दातांत धरलं. राक्षसाचा डावा खांदा तसूभर हलला, आणि ती तर्जनी, चार महिने काठीसारखी ताठ राहिलेली, कळ मस्तकात गेली असेल अशी, वाकली. भाला सुटला. आणखी दोन वेळा खांदा उचलला गेला, आणखी दोन वेळा बोट वाकलं, आणि माझ्या दोन वर्षांच्या वैऱ्याचे तुकडे तुकडे होऊन खालच्या नदीत पडले.

मी किंचाळलो. बायकोच्या हातातला डाव खाली पडला. खालून इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, काय झालं बघायला धावत आला आणि त्याला आम्ही का नाचतोय हे कळेना, तरी तोही टाळ्या वाजवू लागला. पडद्यावर झळकणाऱ्या सोन्याच्या अक्षरांकडे सिस्टरांनी बघितलंही नाही. त्या आपल्या तर्जनीकडे बघत होत्या. वाकवत होत्या, सरळ करत होत्या, पुन्हा वाकवत होत्या. "आलं," त्या म्हणाल्या. मग त्या वरणफळांवर तूप वाढायला उठल्या. हारिसलाही त्यांनी जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

रविवारी मी बँकेतून दोन तासांची सुट्टी काढून इस्पितळाच्या व्हरांड्यात उभा राहिलो. आत काय झालं ते त्यांच्याबरोबरच्या नर्सनी नंतर सांगितलं. बडे सर्जन इजिप्तचे. त्यांनी आधी एकेक हत्यार सावकाश मागितलं, मग भराभर, मग नाव न घेता नुसता हात पुढे केला. शेवटी त्यांनी सगळ्यांत बारीक सुई मागितली, केसाएवढ्या दोऱ्याची. सिस्टरांनी ती चिमट्यात बसवून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि सर्जनने हातमोजे काढले. "खलास," ते म्हणाले, म्हणजे अरबीत 'बस, झालं'. "उद्या सकाळी सात वाजता, माझ्या टेबलावर." सिस्टर बाहेर आल्या त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. त्या फोनवर होत्या. "अहो, शाळेत पेढे वाटा. कोणाचा रिझल्ट म्हणजे? पन्नाशीच्या पुढं पास झालेली बायको हाय तुमची!" एवढं बोलून होईपर्यंत त्यांचा आवाज व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेला होता, आणि चादरींच्या कोठीतून, औषधांच्या खिडकीमागून, जिन्यावरून नर्स टाळ्या वाजवत बाहेर येत होत्या.

दुसऱ्या दिवशी सातला त्या टेबलापाशी होत्या, आणि तेव्हापासून तिथेच आहेत. गेम त्यांनी स्पिरिटने पुसून, वहीसकट परत केला. आता त्यांना सवड नाही. संध्याकाळी सहाला आमच्या दारात कोणी उभं नसतं. मी नवीन गेम घेतो, खेळतो, चांगला आहे की वाईट ते मला कळत नाही. बायको म्हणते, "बाई बऱ्या झाल्या, आणखी काय पाहिजे?" तिचं बरोबरच आहे.

मागच्या आठवड्यात त्या लिफ्टमध्ये भेटल्या. बारा तासांची ड्यूटी करून आलेल्या, डोळे अर्धे मिटलेले, केसांवर टोपीची खूण. "काय भाऊ, नवीन काय खेळायलाव?" त्यांनी विचारलं. एका बेटावर दिवा लावणाऱ्या म्हातारीचा गेम आहे, मी सांगायला लागलो, आणि वाक्य अर्ध्यावर असतानाच तिसरा मजला आला. दार उघडलं. मी उतरायला लागलो. सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी डोळे न उघडता हात लांब केला आणि तर्जनीने तळमजल्याचं बटण दाबलं.

"सांगा," त्या म्हणाल्या. "खाली जाऊन परत वर येऊ."