उजव्या हाताच्या दोन बाह्या

शनिवारची शाळा सकाळची असे. मी धसईजवळच्या एका गावात शिकवत होते आणि सासर होतं शहापूरला. रोज एस.टी.ची वाट बघायची, उभ्याने प्रवास करायचा, उतरून पुन्हा दुसरीची वाट बघायची. शनिवारी मात्र मी मध्येच किन्हवलीला उतरत असे. तिथून चालत जाण्यासारखं माहेर होतं, आणि माहेरी आईचे डोळे गेले होते. गेले म्हणजे अगदी पूर्ण नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि तो पिकल्याशिवाय काढत नाहीत अशी तिची समजूत होती. कुणी विचारलं की ती आढीतल्या आंब्याबद्दल सांगावं तशी सांगायची, "अजून कच्चा हाय."

आई आमचे आणि आजूबाजूच्या पाड्यांवरच्या बायकांचे कपडे घरीच शिवायची. लग्नाआधी तिने मुरबाडला शिवणवर्ग केला होता. वर्ग संपला तेव्हा तिथल्या बाईंनी तिला खाकी कागदाचे फर्मे कापून दिले. फर्मा म्हणजे कपड्याच्या एकेका भागाचा कागदी नमुना. तो कापडावर ठेवायचा, खडूने कडेने रेघ मारायची आणि कापायचं. पोलकं, झबलं, फ्रॉक, शाळेचा गणवेश, असे सगळे फर्मे सुतळीत ओवून मशीनच्या वर खिळ्याला टांगलेले असत. इतक्या वर्षांत त्यांच्या कडा झिजून कापडासारख्या मऊ झाल्या होत्या. त्यांत माया धरलेली नव्हती. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, तिला माया म्हणतात. ती आई बोटांनी सोडायची. मोठ्या बाईला एक बोट, वाढत्या पोरीला तीन. त्यामुळे आमचे कपडे आतून जाड आणि बोचरे असत, पण दर वर्षी उसवून मोठे करता येत.

शहापूरला कॉलेजात गेले तीही याच फर्म्यांवर बेतलेले कपडे घालून. नव्वदनंतरची ती सुरुवातीची वर्षं. बाकीच्या मुलींच्या अंगावर तयार पंजाबी ड्रेस दिसायला लागले होते आणि माझ्या बाह्या अजून फुग्याच्या होत्या. आटगावहून येणारी एक मैत्रीण एकदा माझी बाही चिमटीत धरून म्हणाली, "ही कधी शिवलीस गो? आईच्या लग्नात?" सगळ्या हसल्या. तिचं खोटंही नव्हतं. कापड आईच्या ट्रंकेतलं होतं आणि फर्मा त्याहून जुना. मी त्या दिवशी घरी येऊन आईशी बोलले नाही. पण आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच होते. आमच्या सात-आठ घरांतून, म्हटलं तरी चालेल. बाह्यांसाठी रुसून बसण्याची चैन मला परवडणारी नव्हती, आणि आईने मला उसवलेलं किंवा बिनबटणाचं काही घालून कधी एकदाही बाहेर पाठवलं नाही. बी.ए. झाले, पुढे बी.एड. झाले, नोकरी लागली. मुलाखतीला नेसलेल्या साडीवरचा ब्लाऊजही तिनेच कापला होता.

माझ्यामागे धाकटी बहीण मशीनवर बसायला शिकली. तिचा पाय आईपेक्षा चपळ होता आणि शिवणही सरळ यायची. बायका मात्र दारातूनच सांगायच्या, "शिवू दे पोरीला. पण कापायचं तूच हां!" शिवलेलं उसवता येतं, कापलेलं जोडता येत नाही, म्हणून कात्री आईकडे. ती कुणी मागितलेली तिला चालायची नाही. धाकटीने नुसती नखं कापायला घेतली तरी ओरडायची.

डोळे अधू झाले तेव्हा तिने ते सांगितलं नाही. ती हाताने चाचपून कापायला लागली. सुई ओवायला धाकटीला हाक मारायची आणि वर म्हणायची, "या सुयाच आता बारीक यायला लागल्यात." मग एका बाईच्या पोलक्याचा गळा एका अंगाला उतरला. ती बाई पोलकं घेऊन गेली ती पुन्हा आली नाही. बाजारात रेडीमेड आलंच होतं, त्यामुळे बायका का कमी झाल्या याला आईकडे कारण तयार असायचं. आम्हा दोघींना खरं कारण माहीत होतं. तिलाही असणार.

अशात धाकटीचं लग्न ठरलं. आईने सांगून टाकलं की लग्नातला ब्लाऊज तिच्या स्वतःच्या लग्नातल्या शालूतून निघेल आणि तो तीच कापेल.

मी म्हटलं, "आई, किन्हवलीच्या टेलरकडे देऊ या ना. तुझे डोळे..."

"दे टेलरला," आई म्हणाली. "मला पण बांधून दे कुठं तरी. शालूला नि मला एकदमच घालव."

वडील उठून गुरांना पाणी दाखवायला गेले. ती वेळ गुरांना पाणी दाखवायची नव्हती.

शालू डाळिंबी रंगाचा होता, जरीच्या बुट्ट्यांचा. वर्षानुवर्षं घडीत राहिलेलं रेशीम घडीवरच चिरतं, तसा तो चिरला होता. ट्रंकेतून काढून पसरला तेव्हा पट्ट्यापट्ट्यांचा झाल्यासारखा दिसला. धड कापड होतं ते काठाजवळ आणि पदराच्या अलीकडे, तुकड्या-तुकड्यांनी. पाठ आणि पुढचे भाग एका तुकड्यातून निघाले. एरवी बाही कापताना कापड दुमडून घेतात, म्हणजे डावी आणि उजवी आपोआप जोडीने निघतात. इथे दुमडायला जागाच नव्हती. एक बाही एका तुकड्यातून, दुसरी दुसऱ्यातून.

तो शनिवारच होता. मी शाळेतून थेट तिथे गेले होते, पायाला धूळ, डोकं उन्हाने भणभणलेलं. आई दाराशी उजेडात बसली होती. तिने पहिली बाही कापली. मी बघत होते. कात्री थांबत थांबत, पण नीट चालत होती. मग मी भिंतीला पाठ टेकली आणि त्या कात्रीच्या आवाजातच मला झोप लागली. आठवड्याची झोप ती. उठले तेव्हा आईने सगळं कापून, घडी घालून, वर फर्मा ठेवून बांधून ठेवलं होतं. चहा पीत बसली होती. कितीतरी दिवसांनी मी तिला इतकं मोकळं बसलेलं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी मला परसात घेऊन गेली. तिच्या हातात ब्लाऊज होता, एक बाही लावलेली आणि दुसरी नुसती टाचलेली.

"ताई, ही बसत नाय."

"फिरवून बघ."

"फिरवली. फिरवली का कापडाची उलट बाजू वर येते. दोन्ही उजव्या हाताच्याच हायत."

मी त्या बाह्या एकीवर एक ठेवल्या. बाहीची पुढची बाजू बगलेत जास्त खोल कापलेली असते. दोन्हींची खोलगट बाजू एकाच अंगाला होती. आईने दुसऱ्या बाहीला फर्मा बरोबर उलटा ठेवला होता. पण तो तुकडाही उलटाच पसरला गेला होता. उलट्यावर उलटा, आणि दुसरी उजवीच निघाली.

"आता?" मी म्हटलं.

"बिनबाह्यांचा घालते. मंडपात सासू आडवी पडेल, लगीन लवकर उरकेल."

"चेष्टा नको."

"मग काय करू? रडू?"

शालूत आता बाहीएवढं धड कापड राहिलं नव्हतं. आम्ही दोघींनी तुकडा न् तुकडा पालथा घालून पाहिला होता. मी म्हटलं, दुसऱ्या कापडाच्या बाह्या लावू, हल्ली तशी फॅशनही आहे. धाकटी म्हणाली, "आणि आईला काय सांगशील? का बदलल्या?"

"खरं सांगू."

"सांग. मग ती या मशीनजवळ परत बसली तर माझं नाव बदल." मग बाही उलटीसुलटी करत म्हणाली, "मी जाते गो सासरी. तू शहापूरला. घरात ती काय करणार दिवसभर?"

तिने ती बाही तशीच डाव्या हाताला लावली, चांगली बाजू वर ठेवून. दिसायला काही वाटत नव्हतं. पुढे एक चुणी पडायची, ती पदराखाली गेली असती. पण मागून बगलेत ओढायची, आणि हात खांद्याच्या वर जाईना. धाकटीने परसातच करून पाहिलं. नमस्कार जमला. वाकून पाया पडणं जमलं. "जेवायला उजवा लागतो," ती म्हणाली. "झालं की मग!"

"आणि हार? नवरा उंच आहे."

"वाकेल की तो. पाठ काय लाकडाची हाय?"

शिवून झालेल्या ब्लाऊजवरून आईने बोटं फिरवली. काठ, गळा, हुकांची पट्टी. बाहीच्या टोकापर्यंत हात नेला. "बरा निघाला," एवढंच म्हणाली. त्या दिवशी तिने शेजारच्या दोन घरी जाऊन सांगितलं की शालूचा ब्लाऊज तिने स्वतः कापला.

लग्न वैशाखात, दारातल्या मंडपात झालं. मंगलाष्टकं संपली, वाजंत्री वाजली, तांदूळ पडले आणि धाकटी हार घेऊन उभी राहिली. तिचा उजवा हात वर गेला, डावा खांद्याशी अडला. हार एका बाजूला कलला. बगलेतला टाका तुटल्याचा आवाज आला असं मला वाटलं. मी अगदी मागे उभी होते, तरी वाटलं. तिने नवऱ्याकडे न बघता, पण चांगलं ऐकू जाईल असं म्हटलं, "जरा वाका ना."

तो वाकला. भला माणूस, चांगला कमरेतून वाकला.

मंडपात एकच हशा झाला. "वाकला रे वाकला!" नवऱ्याकडचा कुणीतरी ओरडला. दुसरा म्हणाला, "आतापासून सवय कर, भावा!" आमच्याकडची एक म्हातारी पदर तोंडाला लावून म्हणाली, "पोर बी.ए. नाय, तरी कसा वाकवला बग." हे माझ्यासाठी होतं. मीही हसले.

आई ओट्यावर बायकांच्या घोळक्यात बसली होती. तिथून तिला फक्त हसणं ऐकू आलं. शेजारच्या काकूने तिला सांगितलं, "तुझ्या लेकीने नवऱ्याला वाकवला गो, हार घालताना." घोळका पुन्हा हसला. आई हसली नाही. तिने मान वळवून मला शोधलं, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेने पाहिलं, आणि मी जवळ गेल्यावर विचारलं, "हात वर गेला नाय तिचा?"

मी म्हटलं, "नवरा उंच आहे."

"कुठला हात?"

मी मंडपाकडे वळून बघायला लागले. वाजंत्री जोरात होती, तिला वाटलं असेल मी ऐकलं नाही. असं मला वाटलं. पण तिने पुन्हा विचारलं नाही. पंगतीला वाढायला उठली आणि संध्याकाळी पाठवणीपर्यंत बसली नाही.

पावसाळा लावणीत गेला. दिवाळीच्या सुट्टीत मी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. या वेळी तिने पिकला-कच्चा असं काही केलं नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिन्याभराने दुसऱ्याचं. घरी आल्यावर आधी तिने भिंतींचे पोपडे बघितले आणि आम्हाला शिव्या घातल्या, घर असं ठेवतात का म्हणून. मग धाकटी संक्रांतीला आली तेव्हा तिला म्हणाली, "लग्नातला ब्लाऊज आणलास का?"

धाकटीने आणला नव्हता. पुढच्या खेपेला घेऊन ये, म्हणाली. धाकटी पुढच्या दोन खेपा विसरली. तिसऱ्यांदा आई तिच्या सासरी जाऊन स्वतःच बघून आली.

परतल्यावर ती मला म्हणाली, "जरीचा शालू, गो. उलट्या बाजूला त्याचे धागे लोंबायचे, बांगड्यांत अडकायचे. लग्नाच्या वर्षीच मी ते बसून कापून टाकले. मग हाताला उलट न् सुलट सारखीच लागणार ना!" नंतर म्हणाली, "तुमी दोघी फार शहाण्या."

मी तिच्या हातातली पिशवी घेतली. ती रागावली आहे की नाही, ते कळलं नाही.

त्यानंतर आई पुन्हा मशीनवर बसायला लागली. नव्या डोळ्यांनी सुई स्वतः ओवायची, टाका पूर्वीपेक्षा बारीक घालायची. कापायची मात्र नाही. बायका येत, त्यांना सांगायची, "ठेवा. शनवारी पोरगी येते, ती कापेल." मला त्याची हौस नव्हती. शाळेत आठवडाभर उभी राहिलेली मी माहेरी आडवं व्हायला जायची. पण पोहोचले की चटईवर कापडं पसरलेली असत, फर्मे खाली काढलेले असत आणि पाण्याचा तांब्या शेजारी. मी पदर खोचून खाली बसायची. कंबर भरून यायची. मोजून, खडू मारून, बोटांची माया सोडून कापायची, आणि प्रत्येक वेळी कात्री लावण्याआधी मशीनवरून आईचा आवाज यायचा.

"सुलट वर हाय ना?"

साधा सुती कपडा असायचा बहुतेक वेळा, परकराचा किंवा पोरांच्या झबल्याचा. त्याला उलट-सुलट काही नसतं, दोन्ही अंगांनी सारखाच. तिला ते बसल्या जागेवरून दिसत असायचं. तरी मी कापड उचलून बघायची, आणि म्हणायची, "हो, वर आहे." मग ती पुढचा टाका घालायची.