पाहुण्यांचे डबे

काटकसरीत आमच्या आईचा हात धरणारं कुणी नव्हतं. आइस्क्रीमचा प्लास्टिकचा डबा रिकामा झाला, की घासूनपुसून फळीवर चढायचा. मग त्यातच बाबांचं जेवण छापखान्यात जायचं, गॅसवरून उतरवल्या उतरवल्या, वाफाळतं. माळ्यावर मात्र लग्नातले स्टीलचे डबे कापडात गुंडाळलेले होते. कुणी हात लावला, की आई खेकसायची, "ते पाहुण्यांसाठी आहेत!"

परवा माझी बायको म्हणाली, "आई, गरम जेवणात प्लास्टिकचे बारीक कण उतरतात. दिसत नाहीत, पण पोटात जातात." ती दवाखान्यात नर्स आहे. मला वाटलं, आता घरात महाभारत होणार. पण आईनं फळीवरचा डबा काढून उजेडात धरला. आतून तो पांढुरका, खरवडल्यासारखा झाला होता.

"इतकी वर्षं घासतेय," ती हळूच म्हणाली, "पण झिजलेलं गेलं कुठं, हे कधी मनातच आलं नाही."

मग स्टुलावर चढून तिनं गाठोडं स्वतः उतरवलं आणि सगळ्यात मोठा डबा बाबांपुढे ठेवला. बाबांनी तो उलटा करून पाहिला. बुडाशी त्यांचंच नाव कोरलेलं होतं.