आक्काने स्पॅनिशमधून पाहिलेली मुंबई

मिरजेच्या स्टेशनवर गाडी सुटायला आली, तेव्हा सुमन खिडकीशी आली. आईचं लक्ष पाण्याच्या तांब्याकडे आहे असं पाहून ती माझ्या कानाशी लागली.

"मामा, या वेळी आईनं नकार दिला ना, तर मी पुन्हा कुणापुढे पोह्यांची बशी घेऊन जाणार नाही. सांगून ठेवते."

गाडी हलली. मुंबई पाहायला निघालेल्या माणसाच्या पोटात जो आनंद असायला हवा, त्याच्या जागी हे वाक्य घेऊन मी निघालो.

सुमन माझी भाची. सांगलीच्या शाळेत शिकवते, पंचविशी ओलांडलेली. तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का. मी स्वतः भूगोलाचा मास्तर, पन्नाशीला टेकलेला, निम्म्या गावाला नकाशे काढायला शिकवलेला. पण आक्काच्या लेखी अजून बाळूच. मेहुणे गेल्यापासून सुमनच्या स्थळांची चौकशी आक्का जातीनं करते. एका मुलानं 'दादरला स्वतःची जागा आहे' म्हणून सांगितलं आणि निघाली ती मित्राच्या गॅलरीतली पथारी. तेव्हापासून आक्काचा माणूसजातीवरचा विश्वास उडाला. त्यानंतर आलेली स्थळं तिनं भाजीवाल्याच्या पाटीतल्या वांग्यांसारखी उलटून-पालटून पाहिली आणि परत ठेवली.

आता आलेलं स्थळ मात्र वेगळंच होतं. मुलगा रघुनाथ, मुंबईत परदेशी पाहुण्यांना शहर दाखवतो, तेही स्पॅनिश भाषेतून. पत्रिका जुळली होती. शिवाय मध्यस्थाबरोबर त्यानं निरोप धाडला होता, की लग्नानंतर नोकरी चालू ठेवायची की नाही ते मुलीनंच ठरवावं. हा निरोप सुमननं मध्यस्थाकडून दोनदा वदवून घेतला होता.

आक्काचं वेगळंच. "इंग्रजी म्हणाला असता तर आपल्या हेडमास्तरांनी तपासलं असतं. स्पॅनिश! म्हणजे सांगलीत कुणी पकडायलाच नको."

मग तिनंच तोड काढली. कोण, कुठले ते न सांगता जायचं, रीतसर गिऱ्हाईक व्हायचं आणि त्याच्याकडूनच मुंबई पाहायची. स्पॅनिशमधून.

"अगं पण आक्का, आपल्याला स्पॅनिश कुठं येतं?"

"मला संस्कृत तरी कुठं येतं?"

ते खरं होतं. आक्काला संस्कृतचा एक शब्द कळत नाही, पण स्तोत्रं ढीगभर पाठ आहेत, सगळी कानानं उचललेली. ऐकलं की तिच्या डोक्यात बसतं, शिवणीच्या टाक्यासारखं. पूजेत भटजींनी घाईघाईत एक ओळ गिळली, तर तिनं हातातली पळी खाली ठेवून त्यांना मागं आणलं होतं. तिचं शास्त्र असं, की थाप मारणाऱ्याला तेच दोनदा सांगता येत नाही, शब्द हलतात. तेव्हा सकाळी एक ठिकाण दाखवायला लावायचं, संध्याकाळी पुन्हा तेच, आणि ताडून पाहायचं.

पुण्याला गाडी बदलून आम्ही मुंबईला पोचलो आणि गिरगावातल्या एका खाणावळीच्या वरच्या खोलीत उतरलो. खालून बटाटेवड्यांचा वास यायचा आणि समोरच्या भिंतीवर डांबरानं लिहिलेलं दिसायचं : मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. दिवसच तसे होते. आपल्यावर द्वैभाषिक राज्य लादलेलं आणि गल्लोगल्ली सभा. पानवालासुद्धा चुना लावता लावता सीमाप्रश्न समजावून सांगत होता. साऱ्या शहरानं मराठीसाठी कंबर कसलेली आणि त्यातून आम्ही दोघं मराठी माणसं स्पॅनिशच्या शोधात निघालेलो.

सहलीची कचेरी एका जिन्याखाली होती. तिथल्या कारकुनानं आधी माझ्या काळ्या टोपीकडे पाहिलं, मग आक्काच्या नऊवारीकडे.

"रघुनाथच हवाय ना? मग मराठीतूनच घ्या की. मराठीच आहे तो."

"म्हणूनच नको," आक्का म्हणाली.

कारकून माझ्याकडे वळला. आक्कानं कोपरानं ढोसलं, तसा मी म्हणालो, "मी शिकतोय. स्पॅनिश. कानावर पडावं म्हणून."

"या वयात?"

"आमच्याकडे उशिराच शिकतात," मी म्हणालो. याचा अर्थ मलाही कळला नाही.

रघुनाथ आला. उंच, सावळा, पांढरी पँट, केस पाण्यानं बसवलेले. भाड्याच्या मोटारीचं दार उघडून तो कमरेत वाकला आणि म्हणाला, "बुएनोस दीयास, सेन्योरा!" (नमस्कार, बाईसाहेब.)

"बरं," आक्का म्हणाली आणि आत बसली.

चौपाटी आली. समुद्र मी पहिल्यांदाच पाहत होतो. भूगोलाच्या मास्तरानं हे छापू नये, पण तो मी फळ्यावर काढतो त्याहून बराच मोठा निघाला. रघुनाथनं वाळूकडे हात केला आणि सुरू झाला, "एस्ता एस ला प्लाया मास केरीदा दे ला सिउदाद…" पुढं बरंच होतं, गोड आणि घरंगळणारं. आक्का डोळे मिटून ऐकत होती, ओठ पुटपुटत होते. संपल्यावर तिनं बोट वर केलं. 'पुन्हा' या अर्थानं. त्यानं पुन्हा सांगितलं. मी विद्यार्थी म्हणून मान हलवत होतो. कुठं हलवायची ते ठाऊक नसल्यानं सारखीच हलवत होतो.

"आई-वडील आहेत का, विचार," आक्का कुजबुजली.

"कशात विचारू?"

"मग राहू दे."

आता गेटवेकडे निघायचं, तर वाटेत पोलिसांनी हात आडवा केला. कोटात, म्हणजे फोर्टात, मोर्चा अडवला होता, रस्ते बंद. रघुनाथनं ड्रायव्हरच्या कानात काही सांगितलं. "फिर किधर जायेगा?" ड्रायव्हर म्हणाला. "इधर तो सब बंद है." गाडीनं तोंड फिरवलं आणि आम्ही परळच्या वाटेला लागलो.

गिरण्या दिसू लागल्या. उंच धुराडी, लांबच लांब दगडी भिंती, गॅलऱ्यांवर वाळत घातलेली धोतरं, गोधड्या, पोरांच्या चड्ड्या. रघुनाथ गप्प झाला होता. आक्कानं त्याच्याकडे रोखून पाहिलं. मोटार भाड्यानं घेतली म्हणजे बोलणं आलंच, अशी तिची नजर. त्यानं घसा साफ केला, एका धुराड्याकडे हात केला आणि म्हणाला, "एस्ता एस ला प्लाया मास केरीदा…"

आक्कानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"तेच आहे," ती दातांतल्या दातांत म्हणाली. "चौपाटीचंच. अक्षर हललेलं नाही."

"मग चांगलंच की! तूच म्हणालीस, हलता कामा नये."

"बाळू, अरे तिथं समुद्र होता. इथं कुठं आहे?"

माझ्या डोळ्यांपुढे सुमन उभी राहिली, मिरजेच्या फलाटावर. दिवस अजून अर्धा उरला होता आणि स्थळ बुडालं होतं. मी जोरजोरात मान हलवून रघुनाथला धीर देऊ लागलो. लालबागच्या नाक्यावर आलो तेव्हा तो बिचारा तिसऱ्यांदा तेच म्हणत होता, आणि तिथंच मोटारीला लोकांनी गराडा घातला.

गिरणीची पाळी सुटलेली. कामगारांच्या हातांत झेंडे, फलक. सगळ्यांत पुढे एक भरघोस मिशांचा माणूस.

"ए, थांबव गाडी! कोण आहेत आत?"

"मराठी माणसं वाटतात रे. म्हातारी तर नऊवारीत आहे."

"मग हा पुढचा काय बडबडतोय? इंग्रजी?"

"इंग्रजी नाय ती. मी साहेबाच्या खात्यात आहे, मला कळते."

"अरे मग कुठली? काय हो आजी, इथं आम्ही मराठीसाठी लाठ्या खातोय आणि तुम्ही भलतंच ऐकत फिरताय?"

त्याचं अगदी बरोबर होतं. खरं काय ते सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. पण जावयाची परीक्षा घेण्यासाठी न येणाऱ्या भाषेतून मुंबई पाहतोय, हे वाक्य सुरू कुठून करायचं तेच सुचेना. तेवढ्यात रघुनाथ दार उघडून बाहेर उभा राहिला.

"भाऊ, स्पेनचे पाहुणे आहेत हे."

"नऊवारी नेसून?"

"आपल्या चळवळीला पाठिंबा म्हणून नेसल्यात."

सगळे माझ्या टोपीकडे पाहू लागले. "आणि हे?"

"हे पण."

मग मिशावाल्याचा चेहरा उजळला. "स्पेनचा पाठिंबा! ऐकलंत का रे?" आणि बघता बघता लोकांनी एक हातगाडी ओढून आणली, तिच्यावर कुणाचीशी चादर अंथरली आणि आक्काला आदरानं वर चढवलं.

"बोला बाई, दोन शब्द! तुमच्या भाषेत बोला, आम्ही समजून घेऊ."

आक्का कधी हळदीकुंकवाच्या समारंभातसुद्धा बोललेली नाही. मी मनात सगळे देव एकत्र केले. तिनं पदर सारखा केला, हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू केलं :

"एस्ता एस ला प्लाया मास केरीदा दे ला सिउदाद…"

अख्खं म्हटलं. वाळू, वारा, काय असेल ते सगळं, शेवटपर्यंत, न अडखळता. चाल मात्र स्तोत्राची. जिथं श्लोक संपल्यासारखा तिचा सूर खाली यायचा, तिथं लोक मुठी वर करून गर्जायचे, "झालाच पाहिजे!" एका बाईनं गॅलरीतून कुंकवाचा करंडा घेऊन धाव घेतली आणि स्पेनला कुंकू लावलं; मेहुणे गेल्यानंतरचं ते पहिलंच, पण स्पेनला नाही म्हणता येईना. कुणीतरी चिवड्याच्या पुड्या आत टाकल्या. गाडी निघाली तेव्हा माझ्याही गळ्यात हार होता.

थोडं पुढं गेल्यावर रघुनाथनं मागं वळून पाहिलं. आमच्याशी पहिल्यांदाच मराठीत बोलला.

"आपण सांगलीचे ना? मुलीकडचे?"

"कशावरून?" मी विचारलं.

"दुसरं कुणी इतकं लक्ष देऊन ऐकत नाही हो."

आक्का चिवडा खात नव्हती. "चौपाटीला म्हणालास तेच परळला का म्हणालास?"

तो खाली पाहू लागला. "मला येतं ते गेटवेपासून मलबार हिलपर्यंतच येतं. आमच्या चाळीत एक गोवेकर काका होते, स्पॅनिश जहाजावर नोकरी केलेले. त्यांनी शिकवलं, मग जहाजांवरच्या पाहुण्यांशी बोलत बोलत वाढवलं. पण या बाजूला कधी कुणी पाहुणा येतच नाही. गिरणीबद्दल काय सांगायचं, चाळीला काय म्हणायचं, मला कधी लागलंच नाही. आज तुम्ही बघत होता, गप्प कसं बसायचं? म्हणून समुद्रकिनारा सांगितला."

"म्हणजे मी त्या लोकांना काय सांगितलं?"

"की हा शहराचा सगळ्यात लाडका समुद्रकिनारा आहे. इथं संध्याकाळी बायकामुलं वाळूत बसतात आणि भेळ खातात."

मला हसू फुटलं. आक्काच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "तू राहतोस कुठं?"

"इथंच. काळाचौकीला." मग जरा थांबून म्हणाला, "एक खोली आहे. मध्यस्थांना सांगितलं होतं मी, त्यांनी तुम्हाला सांगितलं की नाही ठाऊक नाही."

सांगितलं नव्हतं.

"मग ते दाखव," आक्का म्हणाली. "मराठीत."

आणि काय सांगू, तो मुलगा जो सुटला! हा आमचा नळ, पाणी पहाटे येतं, इथं भांडणं होतात. हा गणपतीचा मांडव घालायची जागा. या गिरणीत बाबा कारकून होते, भोंगा झाला की आई भात उतरवायची. या जिन्याची तिसरी पायरी मोडकी आहे, जपून या. आक्का जपून चढली.

त्याची आई दारातच होती. मूळची मालवणकडची, बुटकी, हाताला पीठ लागलेलं.

"खयचे रे पावणे?" (कुठले रे पाहुणे?)

"सांगलीचे."

"सांगलीचे?" ती एकदम सावरली, पदर खोचला. "बसा हां. माका आधी सांगूक नाय मेल्यान! आणि नाक्यावर ता काय झाला? सगळी चाळ बोलता, स्पेनची बाई भाषण करून गेली."

"मीच ती," आक्का म्हणाली.

त्या माउलीनं तिच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग गळ्यात हार असलेल्या माझ्याकडे. काही न विचारता तिनं चुलीवर तवा ठेवला. घावन (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) आणि गूळ घातलेला नारळाचा रस. मी किती खाल्ली ते सांगत नाही. दोघी बायका मोरीपाशी उभ्या राहून बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. गॅलरीत रघुनाथ माझ्या शेजारी कठडा धरून उभा होता.

"काय म्हणतील हो?" त्यानं विचारलं.

"सांगता येत नाही," मी म्हणालो. "मराठीतसुद्धा."

दादरला त्यानं आम्हाला गाडीत बसवून दिलं. परतीच्या वाटेवर मी काही विचारलं, की आक्का डोळे मिटून स्तोत्र पुटपुटायला लागायची. पुण्याला चहा घेतला, तरी तेच. मिरज आलं, सांगली आली. सुमन दारातच उभी होती आणि मी गाडीत जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं तिचं तोंड पाहताच विसरलो.

"अडला तो," पायांवर पाणी घेत आक्का म्हणाली.

सुमननं मान खाली घातली. "कुठं?"

"स्वतःची जागा सांगताना. थापाड्या माणूस तिथं अडत नाही, सुमे. तिथं तर त्याची गाडी सुसाट सुटते." तिनं पंच्यानं पाय पुसले. "एकच खोली आहे. जिन्याची पायरी मोडकी आहे. पुढच्या आठवड्यात येतायत ते तुला बघायला."

लोक मला विचारतात, मास्तर, गेटवे कसा वाटला, राणीचा बाग कसा वाटला? यातलं मी काहीच पाहिलं नाही. मुंबईत काय पाहण्यासारखं आहे हे मला विचारू नये. त्या दिवशी सुमननं शेवटी जो प्रश्न विचारला, तो काळाचौकीच्या गॅलरीत तासभर उभं राहूनही या भूगोलाच्या मास्तराला सुचला नव्हता.

"शाळा आहे का गं जवळपास?"

"नाक्याच्या पलीकडे, मुलींची," आक्का म्हणाली. "मोरीपाशी तेच तर विचारत होते."