फोनमधला घुमारा

माझे कान गिरणीनं खाल्ले. येरमाळ्याला हमरस्त्यालगत पस्तीस वर्षं मी पिठाची गिरणी चालवली, आणि त्यातली पहिली बरीच वर्षं ती डिझेल इंजिनावर होती. त्या खोलीत बोलायचं म्हणजे एकतर ओरडायचं, नाहीतर हातानं सांगायचं. बायको आणि मी हातानंच बोलायचो. बोटं चोळून दाखवली की बारीक, मूठ उघडली की भरड. आमची भांडणंसुद्धा हातानं व्हायची आणि ती जिंकायची, कारण तिचे हात माझ्यापेक्षा जलद चालायचे.

ऐकू कमी येतंय हे मी लवकर कबूल केलं नाही. हल्लीचे लोक पुटपुटतात, एवढंच माझं म्हणणं. लेक पुण्याला दिलेली. तिचा रविवारी फोन यायचा, तो बायको घ्यायची आणि मला समोर बसवून हातानं सांगायची: बरी आहे, जेवली, दिवाळीला येणार आहेत. एकुलत्या एका लेकीचं बोलणं माझ्यापर्यंत असं बायकोच्या बोटांतून यायचं, आणि त्यात काही कमी आहे असं मला कधी वाटलं नाही.

तीन वर्षांपूर्वी बायको गेली. दिवस झाल्यावर पहिल्या रविवारी फोन वाजला. मी तो कानाला लावला आणि लेक काय बोलतेय त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही. मी नुसतं "व्हय, व्हय" म्हणत राहिलो. फोन ठेवल्यावर सवयीनं समोर बघितलं. समोरच्या पाटावर कुणी नव्हतं. त्या दिवशी मी इतका रडलो की शेजारीण दाराशी येऊन उभी राहिली.

मग धाराशिवला जाऊन कानाच्या मशिनी घेतल्या. गिरणी तोवर मी विकली होती. इंजिन, दगड, पट्टा सगळं एका टेम्पोत बसून गेलं. या मशिनींची गंमत अशी की फोन आला की त्याचा आवाज हवेतून येतच नाही, सरळ कानात उतरतो. मशीनवाल्या मॅडम त्याला स्ट्रीमिंग म्हणाल्या. मी घरी येऊन लेकीच्या फोनची वाट बघत बसलो. इतक्या वर्षांनी तिचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकणार होतो.

ऐकला. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी बोलावं तसा. शब्द कळत होते, पण ही माझी लेक वाटेना. तरी वर्ष-दोन वर्षं मी तेवढ्यावर भागवलं, शब्द तर कळतायत म्हणून. यंदाच्या संक्रांतीनंतर मात्र तो आवाज फारच बिघडला. आधीच डब्यातला, त्यात आता मागं एक घुमारा, म्हणजे प्रत्येक शब्द संपल्यावर त्याची शेपटी रेंगाळायची. आणि फोनही आखूड होत चालले. "बरी हाव अप्पा, तुमी जेवलाव का, गोळ्या घेतल्याव का," की संपलं. मी मनाशी धरलं, की आपल्याला नीट ऐकू येत नाही, आपण "आं? काय?" करतो, वर गिरणीच्या सवयीनं ओरडतो, म्हणून पोरगी कंटाळते. आवाज सुधारला नाही तर एका रविवारी फोन येणारच नाही, याची मला धास्ती बसली. घरात दुसरं बोलणारं कुणी नाही.

इथं माझी एक शिस्त सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिनंच केला. गिऱ्हाईक पीठ जाड आलं म्हणून परत आलं, की मी दाण्याला दोष द्यायचो नाही. दाणा ओला होता, किडका होता, असली कारणं इतर गिरणीवाले सांगायचे. मी गिरणी बंद करून दगड उघडायचो, छिन्नीची टाकी मारून त्याची धार परत आणायचो, पुन्हा दळून द्यायचो. दोष असेल तो आपल्या मशीनमध्ये. या शिस्तीचा मला भारी गर्व होता, आणि पंचक्रोशीत त्यासाठीच माझं नाव होतं.

तर मी मशीनच्या मागं लागलो. चार महिन्यांत पाच वेळा धाराशिवची एसटी धरली. पहिल्या खेपेला मॅडमनी मशीन उघडून आतली ज्वारीच्या दाण्याएवढी जाळी दाखवली. ती तेलानं बुजली होती. दर रविवारी डोकं धुण्याआधी मी कानात कोमट तेल घालायचो, बायको घालायची तसंच.

"काका, तेल बंद. एकदम बंद."

"अवो, लहानपणापासून घालतोय."

"म्हणून तर इथं आलात ना?"

बाई तोंडाळ होती, पण हात हुशार. जाळी बदलली आणि आवाज निम्मा उजळला. दुसऱ्या खेपेला तिनं कानात बसणारी भोकाची रबरी टोपी काढून बंद टोपी घातली. भोकातून खर्जाचा आवाज बाहेर गळून जातो म्हणाली. खरंच, डबा गेला आणि माणसाचा आवाज आला. मग फोन चालू असताना बाहेरचा गलका मशीननं आपोआप कमी घ्यावा अशी सोय करून दिली, त्यामुळं हमरस्त्यावरचे ट्रक मागं सरले. पुढं फोनमध्ये खर्ज आणि चढा आवाज वरखाली करायच्या पट्ट्या दाखवल्या, फोन पायजम्याच्या खिशात न ठेवता छातीच्या खिशात ठेवा म्हणाली. ते सगळं मी मन लावून शिकलो. दगडांमधलं अंतर सूतभर हलवून पीठ ठरवणाऱ्याला हे काही जड नव्हतं. सकाळच्या बातम्या, अभंग, मेहुणीचे लांबलचक निरोप, सगळं घंटेसारखं खणखणीत यायला लागलं.

घुमारा मात्र जाईना. फक्त लेकीच्या आवाजामागं.

पाचव्या खेपेला मी मॅडमवर चढलोच. तिनं शांतपणे शेजारच्या खोलीत जाऊन मला फोन लावला आणि पाच मिनिटं माझ्या मधुमेहावर भाषण दिलं. आवाज स्वच्छ. बाहेर येऊन म्हणाली, "काका, मशीन येतो तसा आवाज देतं. घुमतोय तो तिकडूनच घुमत येतोय."

मी तिच्याकडं असं बघितलं, जसं मी दाण्याला दोष देणाऱ्या गिरणीवाल्यांकडं बघत आलो होतो. स्वतःचं खापर दुसऱ्यावर! नमस्कार न करता उठलो. बसमध्ये येरमाळा येईपर्यंत मनातल्या मनात तिला बोल लावत होतो.

त्या रविवारी शेजारी बारसं होतं. मांडवातल्या कर्ण्यावर पाळणे चालले होते आणि घरात बसून फोन घेणं शक्य नव्हतं. अकरा वाजत आले, लेकीच्या फोनची वेळ झाली, तसा मी फोन खिशात टाकून घरामागच्या गिरणीच्या खोलीत गेलो, दार लावून घेतलं. तिच्या भिंती जाड, बाहेरचं आत येत नाही. गिरणी गेल्यापासून मी तिकडं फिरकलोच नव्हतो. फोन वाजला.

"हॅलो," मी म्हणालो.

आणि माझाच आवाज भिंतीवरून परत आला. शब्द संपला आणि मागं त्याची शेपटी रेंगाळली. तोच घुमारा. ज्याच्यासाठी पाच वेळा धाराशिव गाठलं होतं, तोच.

खोली भरलेली आहे की मोकळी, हे मला डोळे झाकून कळायचं. सुगीत धान्याची पोती छतापर्यंत लागली की माणूस ओरडला तरी आवाज पोती पिऊन टाकायची. उन्हाळ्यात खोली मोकळी झाली की चप्पल आपटली तरी घुमायचं. आयुष्यभर हे ऐकलं. मग पलीकडून लेक "अप्पा, ऐकू येतंय का?" म्हणाली आणि तिच्याही मागं मोकळी खोली बोलली.

तिचा संसार मी डोळ्यांनी बघितला होता. गच्च भरलेलं घर. सोफा, दोन लाकडी कपाटं, जाड पडदे, आम्ही दिलेला पलंग. त्या घरात आवाज घुमायला जागाच नव्हती.

"माय," मी म्हणालो, "तुज्या खोलीत सामान न्हाय का गं?"



"पडदे बी न्हाईत," मी पुढं म्हणालो. "कुठं हाईस तू?"

पलीकडून तिचा श्वास ऐकू आला. मशीन आता इतकं चांगलं होतं की तो अडखळलेला कळला.

"तुमाला कुणी सांगितलं, अप्पा?"

"कुणी न्हाय. ऐकू आलं."

मग ती रडायला लागली. संक्रांतीपासून ती त्या घरात नव्हती. का, कसं, ते तिनं थोडं सांगितलं आणि थोडं नाही; मीही खोदलं नाही. भाड्याची एक खोली घेतली होती. माझ्या जिवाला घोर लागेल म्हणून लपवलं होतं. फोन आखूड व्हायचे ते माझ्या ओरडण्यानं नव्हे. जास्त बोललं की तिला रडू फुटायचं, म्हणून ती पटकन ठेवून द्यायची. बायको असती तर दुसऱ्या वाक्याला ओळखलं असतं तिनं. तिला ना मशीन लागलं असतं ना बंद टोपी.

दुसऱ्या दिवशी मी बायकोनं शिवलेल्या दोन वाकळा पोत्यात बांधल्या आणि पुण्याची गाडी धरली. खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक गादी, एक शेगडी, कपड्यांच्या दोन बॅगा. लेक वाळली होती. मी दारातच म्हणालो, "पाणी दे गं," आणि चारी भिंतींनी ते मला परत दिलं. चार महिने मी मशीनवाल्या मॅडमला जो आवाज काढून टाका म्हणत होतो, तो हा होता. माझ्या लेकीनं तोंडानं जे सांगितलं नाही ते सगळं दर रविवारी त्यात येत होतं, आणि मी जाळ्या बदलत बसलो होतो.

ती पाणी घेऊन आली. मी पोतं सोडलं, एक वाकळ जमिनीवर अंथरली, दुसरी खिडकीला बांधली.

"आता बोल काहीतरी," मी म्हणालो.

"काय बोलू?" ती म्हणाली.

घुमारा थोडा कमी झाला होता. पुरता गेला नव्हता.