महानंदा अक्कांचे चिंचोके

प्रार्थनेच्या वेळी महानंदा अक्का मुलींच्या तोंडाकडे बघायच्याच नाहीत. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते पाय बघत जायच्या. मध्येच एखादीपाशी थांबून म्हणायच्या, "फाट्यापासनं चालत आलीस न्हवं? बस खाली." पोरगी म्हणायची, न्हाई टीचर, बरी हाव मी. "तोंड काय बी बोलतंय. पाय खरं बोलायलेत." बीदर जिल्ह्यातल्या राजेश्वरच्या पलीकडच्या एका लहान गावातली आमची मराठी शाळा. अक्का खेळ शिकवायच्या, मी गणित. गळ्यात शिट्टी असायची, पण ती क्वचित वाजायची. पळणाऱ्या मुलीला थांबवायचं असलं की त्या एकच कन्नड शब्द म्हणायच्या, "साकु!" म्हणजे पुरे. मुलगी जागच्या जागी थांबायची.

आमची ओळख भांडणातूनच झाली. शनिवारी शाळा लवकर सुटली की मी आठवीच्या पाच मुलींना घेऊन एक खेळ खेळायचो. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकीनं एकेक पात्र व्हायचं, मी प्रवासाची गोष्ट सांगायची आणि अडचण आली की फासे टाकून पुढचं ठरवायचं. नियमांचं इंग्रजी पुस्तक एका मित्रानं दिलं होतं. भांडणाच्या दिवशी गोष्टीत मुली बसवकल्याणहून निरोप घेऊन बीदरच्या किल्ल्याकडे निघाल्या होत्या. मी ऐटीत म्हणालो, "रात्रभर झोपलात. सगळ्यांचा थकवा शून्य."

दारातून आवाज आला, "कोण म्हणलं?"

"पुस्तकात आहे, अक्का."

"पुस्तक लिवणारा कधी चाललाय व्हय? तुम्ही जा की बीदरला चालत. दुसऱ्या दिवशी जिना उतरून दाखवा मला."

मला राग आला. गणिताच्या माणसाला खेळाच्या बाईनं नियम शिकवायचे म्हणजे काय! पण त्या आत येऊन बसल्यासुद्धा. पुढच्या शनिवारी पिशवीभर चिंचोके घेऊन आल्या. प्रत्येकीपुढे दोन वाट्या मांडल्या, एक दमाची, एक पायांची, प्रत्येकीत दहा-दहा चिंचोके. पळालं की दमाच्या वाटीतले जायचे, सावलीत बसलं की परत यायचे. चाललं की पायांच्या वाटीतले जायचे, आणि ते बसून परत मिळत नसत. पोटात अन्न आणि रात्रीची झोप, दोन्ही मिळालं तर थोडे मिळायचे, सगळे नाहीत. दमाची वाटी रिकामी झाल्यावरही कुणी पळालंच, तर पायांच्या वाटीतले दुप्पट जायचे. "पळायचा शीण छातीत असतोय, चालायचा हाडात," अक्का म्हणाल्या. "तुमच्या पुस्तकानं दोन्ही एका पोत्यात भरलंय."

हे आकडेसुद्धा त्यांनी हवेतून काढले नव्हते. मुलींना तळ्याच्या बांधापर्यंत चालवलं, परत येताना थोडं पळवलं आणि अंग जड वाटलं की एक चिंचोका माझ्या हातात टाकायला सांगितला. मी वहीत मांडणी केली. अक्कांचं बरोबर निघालं, हे मला मुकाट्यानं मान्य करावं लागलं.

मग त्यांनी सांगितलं, उन्हात उभं राहिल्याचेही चिंचोके जाणार. मी हसलो. उभं राहणं म्हणजे काहीच न करणं, त्याचा कसला थकवा? अक्कांनी मला अकराच्या उन्हात ध्वजाच्या कट्ट्यापाशी उभं केलं. "हलायचं न्हाई, सर. एक तास." अर्ध्या तासातच माझ्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. रेणुका नावाची बारीक अंगाची मुलगी तांब्या घेऊन धावत आली. नियम वहीत गेला.

शेवटचा नियम मात्र मला पटला नाही. सोबतिणीचा दम संपलेला दिसतोय आणि जी गप्प बसली, तिचा स्वतःचा एक चिंचोका जाणार.

"अक्का, हा काही थकव्याचा नियम नव्हे."

"मग कशाचा हाय?"

त्यांचं मन मोडायला नको म्हणून तो नियम मी वहीच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिला.

जानेवारीत तालुक्याच्या गावी आरोग्याची म्हणून एक दौड ठरली. आरोग्याची! मुलींना सकाळी सातला झेंडे देऊन रस्त्याच्या कडेला उभं केलं. घरून निघताना निम्म्या मुलींच्या पोटात नुसता चहा. पाहुणे साडेनऊला उगवले, मग हारतुरे, मग भाषण. मंडपात खुर्च्या होत्या त्या पाहुण्यांसाठी. आजही ते आठवलं की माझ्या अंगाची लाही होते. भाषण संपलं आणि मुलींना आता पळा म्हणून हुकूम सुटला.

अक्का ओळीपुढे आडव्या उभ्या राहिल्या. "साकु!"

दौड भरवणारे शिक्षण खात्याचे साहेब चिडले. "मॅडम, दोन किलोमीटर तर आहे. रोज पळतातच ना मुली?"

"रोज पळायलेत, खाऊन पळायलेत. आज तीन तास उभ्या हैत, साहेब." त्यांनी पिशवीतून मूठभर चिंचोके काढले, रेणुकाला पुढे घेतलं आणि साहेबांच्या समोर मोजायला लागल्या. उन्हात उभं राहिल्याचे इतके गेले, उपाशीपणाचे इतके. शेवटी रिकामा तळहात पुढे केला. "हिच्याकडं एक बी उरला न्हाई. आता पळली तर पडंल. कामून पाडायलात लेकरांना?"

रेणुकाचे ओठ पांढरे पडले होते. मी ते बघत होतो.

साहेब माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही गणिताचे ना? हा काय हिशेब आहे?"

आणि मी म्हणालो, "खेळ आहे, साहेब. शनिवारी मुली खेळतात."

सगळे हसले. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी फक्त माझ्या पायांकडे बघितलं. मग सगळ्या मुलींना घेऊन कडुलिंबाखाली गेल्या, पाणी पाजलं, गूळ-शेंगदाणे वाटले. आमच्या शाळेतली एकही मुलगी त्या दिवशी पळाली नाही.

पंधरा दिवसांत अक्कांची बदली झाली, लांब आळंद तालुक्यात निंबर्ग्याच्या बाजूला. कारण काय, तर पाहुण्यांचा अवमान! लेकरांना तीन तास उन्हात वाळवलं तो कुणाचा अवमान, हे कुणी विचारलं नाही. आम्हा शिक्षकांकडून लेखी जबाब घेतले. मी लिहिलं, 'गोंगाटामुळे नीट ऐकू आले नाही.' साहेबांचा मला संताप येतो, पण ते एक वाक्य मी स्वतःच्या हातानं लिहिलं. त्याचा येतो तो संताप कुणावर काढू?

जाताना अक्का चिंचोक्यांची पिशवी मुलींपाशी ठेवून गेल्या. मी एस.टी.पर्यंत सोडायला गेलो. खिडकीतून त्या म्हणाल्या, "शनिवारचा खेळ बंद करू नका, सर. रेणुकाला रोज जेवलीस का म्हणून विचारत जा." माझ्याबद्दल एक शब्द काढला नाही.

पुढच्या शनिवारी मुली टेबलाभोवती बसल्या. मी गोष्ट सांगणारा, त्यामुळे माझ्यापुढे कधी वाटी नसायची. रेणुकानं पिशवीतून एक वाटी काढली, मोजून चिंचोके टाकले आणि माझ्यापुढे सरकवली.

"ही तुमची, सर. नऊ हैत. एक काढलाय."

कामून, हे मी तिला विचारलं नाही.